पहारा नेमका कधीपासून? लिनक्स कर्नलमधल्या सुरक्षेच्या क्रमाचा आढावा

छोट्या बोर्डावर लिनक्स चढवणाऱ्या माणसाला बूटच्या नोंदी वाचताना कधीतरी एक ओळ भेटते : ‘आयमा : नो टीपीएम चिप फाउंड, अ‍ॅक्टिव्हेटिंग टीपीएम-बायपास!’ टीपीएम (ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल) ही सुरक्षेची चिप सापडली नाही, तिच्याविनाच पुढे जातो आहे, असा त्या ओळीचा अर्थ. तशाच चार ओळी आणखी खाली सरकलं की त्याच टीपीएमचा ड्रायव्हर सुरू झाल्याची नोंद दिसते. दोन्ही ओळींच्या डावीकडे वेळ छापलेली असते आणि फरक सेकंदाच्या एखाद्या अंशाचा असतो. चिप बोर्डावर पहिल्यापासून डाग देऊन बसवलेली होती, तिच्यात बिघाड नव्हता, ड्रायव्हरही बरोबर होता. विचारणारा लवकर आला आणि उत्तर देणारा उशिरा, एवढंच झालं.

आयमा म्हणजे इंटिग्रिटी मेजरमेंट आर्किटेक्चर. २००९ साली २.६.३० या आवृत्तीत ती कर्नलमध्ये आली. चालवल्या जाणाऱ्या फाइलींचे हॅश काढून त्यांची यादी ठेवायची आणि त्या यादीचा ठसा टीपीएम चिपमध्ये उमटवायचा, म्हणजे नंतर कुणाला यादीत गुपचूप फेरफार करता येऊ नये, हे तिचं काम. सुरू होताना चिप मिळाली नाही तर ती यादी नुसती मेमरीत राहते. यादीतली पहिली नोंद, जी फर्मवेअरपासून इथवरच्या प्रवासाचा सारांश असायला हवी, तिथे शून्यं भरली जातात. नंतर चिप जागी झाली तरी आयमा पुन्हा चौकशी करत नाही. यंत्र बंद होईपर्यंत तसंच चालतं, आणि ती एक ओळ सोडली तर बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं.

या लेखाचा विषय हाच आहे. कर्नल सुरू होताना सुरक्षेचे आणि कूटलेखनाचे भाग कोणत्या क्रमाने उभे राहतात, तो क्रम कोण ठरवतो आणि चुकला तर काय होतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या प्रश्नावर बरंच काम झालं, पण ते विखुरलेलं आहे. रँडम नंबरवाल्यांनी आपलं पाहिलं, क्रिप्टोवाल्यांनी आपलं, सुरक्षा-मॉड्यूलवाल्यांनी आपलं. एकत्र ठेवून पाहिलं की सगळीकडे एकच अडचण दिसते. कोणाला कोणाची गरज आहे हे कर्नलमध्ये फार थोड्या ठिकाणी लिहिलेलं आहे. बहुतेक ठिकाणी ते नुसतं जागेवरून समजून घ्यायचं असतं.

लिनक्समध्ये क्रम दोन ठिकाणी ठरतो. पहिलं ठिकाण म्हणजे ‘स्टार्ट कर्नल’ हे फंक्शन. एकाखाली एक फंक्शनं बोलावण्याची ती लांबच लांब यादी आहे. सुरुवातीला एकच प्रोसेसर चालू असतो, इंटरप्ट बंद असतात, मेमरी वाटून देणारी यंत्रणा अजून उभी नसते. यादीतली एक ओळ वर-खाली केली तर संगणक सुरूच होणार नाही, म्हणून जुन्या जाणत्यांनी मध्येमध्ये टिपणं लिहून ठेवली आहेत : हे वेळेची यंत्रणा सुरू झाल्यावरच, ते पूर्ण तयार झालेला रँडम जनरेटर वापरतं, वगैरे. दुसरं ठिकाण म्हणजे ‘इनिटकॉल’. कर्नलमधला प्रत्येक भाग आपलं सुरू करण्याचं फंक्शन एखाद्या पातळीवर नोंदवतो. शून्यापासून सातपर्यंत पातळ्या आहेत, त्यांतल्या मुख्य अशा : कोअर, आर्च, सबसिस्टिम, फाइलसिस्टिम, डिव्हाइस, आणि सर्वांत शेवटी ‘लेट’. मॉड्यूल म्हणून लिहिलेला भाग कर्नलमध्येच बांधला की तो आपोआप डिव्हाइसच्या, म्हणजे सहाव्या पातळीवर जातो.

एकाच पातळीवरच्या दोघांत आधी कोण? लिंकर ज्या क्रमाने फाइली जोडतो, त्यात जो आधी तो. म्हणजे मेकफाइलमध्ये कुणाचं नाव वर लिहिलंय त्यावर सुरक्षेचा क्रम ठरू शकतो. मला ही या सगळ्या रचनेतली सर्वांत कच्ची जागा वाटते आणि लेखाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आधी रँडम नंबरकडे वळू, कारण बाकी सगळ्यांची भिस्त त्याच्यावर आहे. कर्नल ज्या अनपेक्षित गोष्टींतून यादृच्छिकता गोळा करतो, म्हणजे इंटरप्टच्या वेळा, डिस्कच्या हालचाली, कळफलक, त्या सुरुवातीच्या क्षणी घडलेल्याच नसतात. घरातल्या राउटरला कळफलक नाही, फिरती डिस्क नाही, आणि पहिल्यांदा वीज मिळताच तो स्वतःची किल्ली तयार करायला बसतो. २०१२मध्ये नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्या इंटरनेटवरून सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या. टीएलएस प्रमाणपत्रांपैकी ०.७५ टक्के प्रमाणपत्रांच्या किल्ल्या यादृच्छिकता अपुरी पडल्यामुळे दुसऱ्या कुणाशी तरी जुळत होत्या, आणि ०.५० टक्के टीएलएस यंत्रांच्या आरएसए खासगी किल्ल्या त्यांना थेट काढता आल्या.

काढता आल्या त्या कशा, हे जवळून पाहण्यासारखं आहे. आरएसएची किल्ली म्हणजे दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार. एकाच कंपनीचे दोन राउटर सुरू होतात. दोघांकडे यादृच्छिकता जवळपास शून्य, म्हणून दोघेही पहिली मूळ संख्या एकच निवडतात. ती शोधताना घड्याळाचा काटा थोडा सरकतो, दोघांत फरक पडतो आणि दुसरी मूळ संख्या वेगळी निघते. आता दोन गुणाकारांमध्ये एक अवयव सामायिक आहे. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं महाकठीण, पण दोन संख्यांचा मसावि काढणं शाळेतल्या मुलालाही येतं. मसावि काढला की दोन्ही कुलुपं उघडली. या दोन राउटरांचं गणित कुठेच चुकलेलं नव्हतं. किल्ली करण्याचं काम यादृच्छिकता जमण्याआधी झालं होतं.

यावर सरळ उपाय असा की पुरेशी यादृच्छिकता जमेपर्यंत मागणाऱ्याला थांबवून ठेवायचं. २०१४मध्ये ३.१७ आवृत्तीत आलेला ‘गेटरँडम’ हा सिस्टिम कॉल तसंच करतो. पण थांबवण्याचीही किंमत असते. २०१९च्या सप्टेंबरात ५.३ आवृत्तीची तयारी चालू असताना एका लॅपटॉपवर लॉगिनचा पडदाच येईना. शोध घेतला तेव्हा कारण निघालं फाइलसिस्टिममध्ये. एक्स्ट-४मध्ये कुणीतरी डिस्कवरचं वाचन कमी करणारी चांगली सुधारणा केली होती. वाचन कमी, म्हणून इंटरप्ट कमी, म्हणून यादृच्छिकता कमी, आणि लॉगिनची यंत्रणा गेटरँडमच्या दारात ताटकळत उभी. लिनस टॉरवाल्ड्स यांनी आवृत्ती जाहीर करण्याआधी ती सुधारणाच मागे घेतली. पुढे ५.४मध्ये, कुणी असं ताटकळलं तर प्रोसेसरच्या घड्याळातल्या बारीक थरथरीतून कर्नलने स्वतःच यादृच्छिकता निर्माण करावी, अशी सोय केली. या सोयीच्या ताकदीबद्दल मतभेद झाले. मला स्वतःला लिनस यांचा निर्णय योग्य वाटतो, कारण जे यंत्र सुरूच होत नाही त्याचा मालक उद्या सुरक्षेची अटच काढून टाकतो.

२०२२मध्ये जेसन डोननफेल्ड यांनी या जनरेटरची बरीच पुनर्बांधणी केली. त्यातला एक बदल आपल्या विषयाच्या मध्यभागी आहे. मेमरी वाटणारी यंत्रणा आपले मोकळे तुकडे पत्त्यांसारखे पिसून ठेवते, म्हणजे हल्लेखोराला पुढचा तुकडा कुठला याचा अंदाज येऊ नये. त्यासाठी तिला रँडम नंबर हवा. पण रँडम जनरेटर पूर्ण सुरू व्हायला वेळेची यंत्रणा हवी, आणि वेळेची यंत्रणा मेमरीनंतर येते. अशा गाठीत दोघांपैकी कुणालाही उचलून पुढे ठेवलं तरी दुसरा अडतो. डोननफेल्ड यांनी सुरुवातच दोन भागांत चिरली. प्रोसेसरच्याच सूचनेतून मिळणारी यादृच्छिकता मेमरीच्या आधी आत घ्यायची, घड्याळावर अवलंबून असलेलं उरलेलं काम नंतर करायचं. त्याआधी मेमरीचं हे पिसणं अंदाज बांधता येण्याजोग्या बीजावर चालण्याची शक्यता होती आणि कुठेही, काहीही मोडलेलं दिसत नव्हतं.

हाच जनरेटर कर्नलच्या क्रिप्टो व्यवस्थेकडून अल्गोरिदम मागून घेत नाही, हेही लक्षात ठेवावं. ब्लेक-२-एस आणि चाचा-२० तो थेट लायब्ररी फंक्शन म्हणून वापरतो. ज्या क्षणी त्याला ते लागतात त्या क्षणी क्रिप्टो व्यवस्थेत एकाही अल्गोरिदमची नोंदणी झालेली नसते.

स्टॅक कॅनरीची गोष्ट छोटी आहे, पण क्रम किती नाजूक असतो हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. फंक्शन सुरू होताना स्टॅकवर एक गुप्त संख्या ठेवायची, परतताना ती तीच आहे का बघायचं, बदललेली असेल तर कुणीतरी स्टॅक तुडवला असं समजून यंत्र थांबवायचं. ही संख्या प्रत्येक बूटला नवी असावी लागते, म्हणून ती रँडम जनरेटर तयार झाल्यावर लगेच ठरवतात. पण ठरवणारं फंक्शन ज्याच्या पोटात चालतं, त्याच्या स्टॅकवर आधीची संख्या बसलेली असते. ते परतलं तर तपासणी फसणार. म्हणून नियम असा की कधीच न परतणाऱ्या फंक्शनमधूनच हे काम करावं. दुसरे प्रोसेसर जागे करणाऱ्या फंक्शनने हा नियम पाळला होता. त्याचं शेवटचं पाऊल कधीच न संपणाऱ्या फंक्शनमध्ये जायचं. २०२०मध्ये जीसीसी कंपायलरची दहावी आवृत्ती आली आणि तिने ते शेवटचं पाऊल ‘कॉल’ऐवजी ‘जंप’ करून टाकलं. जंप करायची तर आधी स्टॅक आवरायचा, आणि आवरताना कॅनरी तपासायची. जुनी संख्या, नवी संख्या, जुळणी नाही, कर्नल पॅनिक. बोरिस्लाव्ह पेटकोव्ह यांच्या पॅचच्या शीर्षकातच ‘तिसरा प्रयत्न’ असं लिहिलेलं आहे. नियम टिपणात होता, आणि टिपण कंपायलर वाचत नाही.

आता पहारेकऱ्यांकडे, म्हणजे लिनक्स सिक्युरिटी मॉड्यूलकडे येऊ. २००१मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने एसई-लिनक्स कर्नलच्या कर्त्यांपुढे मांडलं, त्यातून कुणालाही आपलं सुरक्षा-धोरण जोडता येईल अशी ही चौकट निघाली आणि २.६ मालिकेत दाखल झाली. तिची सुरुवात ‘स्टार्ट कर्नल’च्या उत्तरार्धात होते. तेव्हा मेमरी तयार असते, पण फाइलसिस्टिमच्या कॅश अजून उभ्या राहायच्या असतात. म्हणजे पहिली फाइल उघडण्याआधी पहारेकरी दारात आलेला असतो. मात्र एसई-लिनक्सला स्वतःची आभासी फाइलसिस्टिम लागते, नेटवर्कमधल्या जागा लागतात, आणि त्या तेव्हा नसतात. म्हणून त्याचे तुकडे पुढे इनिटकॉलमध्ये वेगवेगळे सुरू होतात. शिवाय धोरण हे कर्नलमध्ये नसतंच. ते डिस्कवरून इनिट प्रक्रिया आणते. तोवर पहारेकरी उभा असतो खरा, पण त्याच्या हातात यादी नसते.

२०१९मध्ये ५.४ आवृत्तीत आलेलं ‘लॉकडाउन’ मॉड्यूल एवढं थांबू शकत नव्हतं. रूट वापरकर्त्यालाही चालू कर्नल बदलता येऊ नये हा त्याचा हेतू, आणि एसीपीआयचे तक्ते बदलून टाकण्यासारख्या वाटा तर बूटच्या अगदी आरंभी उघडतात. मॅथ्यू गॅरेट यांनी त्याच्यासाठी ‘अर्ली’ मॉड्यूल हा नवा प्रकारच काढला. तो आर्किटेक्चरची मांडणी होण्याच्याही आधी, मेमरी मागायची सोय नसताना, सुरू होतो. नंतर नेहमीची सुरुवात होते तेव्हा त्याचं नाव यादीत भरलं जातं. इथेही तोच तोडगा दिसतो : एकाच गोष्टीची दोन टप्प्यांत सुरुवात. दरम्यान २०१८-१९मध्ये कीस कुक यांनी मॉड्यूलांचा आपसातला क्रम लिंकरच्या हातून काढून उघड यादीत आणला. आता तो बूटच्या वेळी ‘एलएसएम’ या पर्यायाने सांगता येतो. कुठल्या पहारेकऱ्याला आधी विचारायचं हे वाचता येईल अशा एका ओळीत आलं, ही मला या इतिहासातली फार मोलाची पायरी वाटते.

क्रिप्टोची अडचण वेगळ्या घाटाची आहे. तिथे अल्गोरिदम एकमेकांवर रचलेले असतात. एईएस-जीसीएम हवं तर एईएस, सीटीआर आणि जीहॅश हे सगळे हवेत. त्यात प्रत्येकाने नोंदणी करताना परीक्षा द्यायची. ठरलेली उत्तरं बरोबर आली तरच तो वापरात येतो, आणि फिप्स मोडमध्ये, म्हणजे अमेरिकी सरकारी मानकं पाळणाऱ्या मोडमध्ये, परीक्षा चुकली तर कर्नल पॅनिक करून थांबतो. एकेका अल्गोरिदमचे अनेक अवतार असतात : सी भाषेतला साधा, आणि प्रोसेसरच्या खास सूचना वापरणारे वेगवान. २०१९मध्ये एरिक बिगर्स यांनी वेगवान अवतारांची उत्तरं साध्या अवताराशी ताडून पाहण्याची परीक्षा आणली. त्यासाठी साधे आधी हजर हवेत, म्हणून त्यांना चौथ्या पातळीवर आणलं. मग परीक्षक त्यांच्याही आधी हवा, म्हणून तो तिसऱ्या पातळीवर. असं एकाने सरकलं की दुसऱ्याने सरकायचं, आणि पातळ्या तर मोजक्याच. २०२१मध्ये हर्बर्ट शू यांनी हा खेळच थांबवला. कर्नलमध्ये बांधलेल्या अल्गोरिदमांनी आधी नुसतं नाव नोंदवावं, परीक्षा नंतर. कुणी एखाद्याची मागणी केली तर त्या क्षणी, नाहीतर सगळ्यांची नोंदणी उरकल्यावर. गरज पडेल तेव्हा तपासायचं म्हटलं की कोण आधी हा प्रश्नच बराचसा विरघळतो. पातळ्या सरकवण्याच्या सगळ्या उपायांपेक्षा मला हा जास्त टिकाऊ वाटतो.

किल्ल्यांच्या जुडग्याचं थोडक्यात सांगायचं तर, कर्नलमध्ये बांधलेल्या विश्वासू प्रमाणपत्रांसाठीची जागा सहाव्या पातळीवर तयार होते आणि प्रमाणपत्रं ‘लेट’ पातळीवर भरली जातात, कारण ती वाचायला आरएसए आणि हॅश तयार असावे लागतात. आणि इनिटकॉल संपल्यावर कर्नल आपली काही पानं कायमची वाचण्यापुरती करून टाकतो. सुरुवातीला लिहिलेल्या आणि नंतर कधीच बदलायच्या नसलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ पहारेकऱ्यांच्या याद्या, त्यात असतात. ती सोय ४.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६पासूनची.

इतरत्र काय आहे? फ्रीबीएसडीमध्ये प्रत्येक भाग आपला क्रमांक उघड सांगतो आणि कर्नल सुरू होताना त्यांची क्रमवारी लावतो. २०२३मध्ये कॉलिन पर्सिव्हल यांनी मोजलं तेव्हा एका छोट्या आभासी यंत्रात बूटचा ७ टक्के वेळ या क्रमवारीच्या बबलसॉर्टमध्येच जात होता. मग ती पद्धत बदलली. ओपनबीएसडीमध्ये बूटलोडरच डिस्कवरचं बीज वाचून कर्नलच्या हाती देतो, त्यामुळे पहिल्या सूचनेपासून यादृच्छिकता असते. विंडोज ८पासून मालवेअरविरोधी ड्रायव्हरला बूटच्या वेळी इतर ड्रायव्हरांच्या आधी उभं राहण्याची सोय आहे. लवकर उभं राहण्यातला धोका १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिला. क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर बूटमध्येच चालू होणारा होता, त्याच्या सदोष माहिती-फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रं पडली, आणि दुरुस्त फाइल उतरवून घेण्याआधीच ती पुन्हापुन्हा पडत असल्याने कित्येक ठिकाणी माणसाला यंत्रापाशी जाऊन हाताने फाइल काढावी लागली.

आता सुरुवातीच्या त्या ओळीकडे. आयमा ‘लेट’ पातळीवर सुरू होते, आणि शेजारी टिपण आहे : टीपीएम उपलब्ध झाल्यावर आयमा सुरू करा. टीपीएमचा ड्रायव्हर सहाव्या पातळीवर, म्हणजे कागदावर हिशोब बरोबर. पण चिप एसपीआय तारांवर बसवलेली असेल आणि त्या तारांचा नियंत्रक अजून तयार नसेल, तर टीपीएमचा ड्रायव्हर ‘नंतर या’ असं उत्तर घेऊन परत फिरतो. अशा परत फिरलेल्यांना पुन्हा बोलावण्याची खात्रीची वेळ हीदेखील ‘लेट’ पातळीच आहे. दोघे एकाच पातळीवर आले, तर लिंकरचा क्रम लागू होतो. कर्नलच्या बांधणीत ‘सिक्युरिटी’ हे फोल्डर ‘ड्रायव्हर्स’च्या आधी जोडलं जातं. म्हणून आयमा आधी विचारते, आणि चिपचं वरातीमागून घोडं येतं.

आर्म प्रोसेसरवर टीपीएम पुष्कळदा वेगळी चिप नसून सुरक्षित विभागातलं फर्मवेअर असतं. त्याच्याशी बोलायला एफएफ-ए नावाचा दुवा लागतो, म्हणजे साखळीत आणखी एक कडी. २०२५मध्ये त्या दुव्याच्या ड्रायव्हरला डिव्हाइसच्या पातळीवरून रूट फाइलसिस्टिमच्या पातळीवर आणणारा पॅच आला. त्या पातळीचं टीपीएमशी काही नातं नाही. ती सहाव्याच्या आधी येते एवढीच तिची पात्रता. त्याच वर्षी पॉल मूर यांनी सुरक्षा-मॉड्यूलांच्या सुरुवातीची मांडणी नव्याने करणारी पॅचमालिका पाठवली. मॉड्यूलांचे इकडेतिकडे विखुरलेले इनिटकॉल त्यात प्रत्येकाच्या एकाच ठिकाणच्या नोंदीत आणले आहेत. उपकरणांच्या बाबतीत तर कर्नल हल्ली फर्मवेअरच्या वर्णनातून कोण कोणावर अवलंबून आहे हे वाचतो आणि त्याप्रमाणे थांबतो. पण आयमा हे उपकरण नाही. त्या आलेखात तिला बिंदू नाही, म्हणून टीपीएमपासून तिच्यापर्यंत बाणही नाही. तिला चिपची गरज आहे ही गोष्ट आजही त्या टिपणातल्या एका ओळीतच लिहिलेली आहे.